चौघांच्या टेबलावर क्रेन्को: नाशिकमधल्या एका कमांडर लीगचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या एका छोट्या लीगचं आहे. आठ खेळाडू रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतात. दोन टेबलं लागतात, प्रत्येकावर चौघं, आणि कोण कुठे बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. खेळ मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ, प्रकार कमांडर: प्रत्येकाचा ९९ कार्डांचा डेक, आणि त्याबाहेर कमांड झोनमध्ये ठेवलेला एक मुख्य प्राणी, तो कमांडर; तो मेला तरी तिथून पुन्हा खेळता येतो. डाव जिंकला तर ५ गुण, बरोबरीत सुटला तर उरलेल्या प्रत्येकाला १, हरला तर काही नाही. हॉल दुपारी एकला रिकामा करावा लागतो, म्हणून एका डावाला ९० मिनिटांची मर्यादा. महाग कार्डांसाठी प्रत्येकाला १० प्रॉक्सींची मुभा आहे. छापील प्रत स्लीव्हमध्ये खऱ्या कार्डासमोर सरकवलेली चालते.

ओळख झाकण्यासाठी खेळाडूंना क, ख, ग, घ म्हटलं आहे आणि काही तपशील बदलले आहेत.

क चा कमांडर होता क्रेन्को, मॉब बॉस. किंमत चार माना (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती, ती मुख्यतः लँड कार्डांतून मिळते), ३/३ (मारण्याची ताकद ३, सोसण्याची ३), स्वतः गॉब्लिन जातीचा प्राणी. टॅप केला, म्हणजे वापरण्यासाठी आडवा केला, की तुमच्याकडे जितके गॉब्लिन आहेत तितकी नवी १/१ गॉब्लिन टोकन (डेकमधल्या कार्डाशिवाय तयार होणारे प्राणी). एकट्यापासून सुरुवात केली तर चार टॅपमध्ये १६ गॉब्लिन होतात. समोर वारंवार येणारे तीन डेक असे: ख कडे टॅल्रँड, म्हणजे निळा, काउंटरस्पेल (समोरच्याचं कार्ड खेळलं जातानाच रद्द करणारी कार्डं) आणि समोरच्यांची कार्डं हातात परत पाठवणाऱ्या सायक्लॉनिक रिफ्टने भरलेला. ग कडे मेरेन, काळा-हिरवा, ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे मेलेल्या कार्डांच्या ढिगातून, प्राणी परत आणणारा, बोर्ड साफ करायला टॉक्सिक डेल्यूज बाळगणारा. ग वयाने सगळ्यांत मोठी, टेबलावर सगळे तिला ताई म्हणतात. घ कडे चार रंगांची अट्राक्सा, त्यात पांढऱ्या रंगाची स्वस्त रिमूव्हल, म्हणजे समोरच्याचे प्राणी हटवणारी कार्डं.

क हा डेक दोघांच्या खेळात घरी वर्षभर खेळत होता आणि तिथे बहुतेक वेळा जिंकत होता. लीगच्या पहिल्या टप्प्यातल्या सहा फेऱ्यांत मात्र एकही विजय नाही. एक बरोबरी, गुण १.

पहिल्या टप्प्यातला डेक

९९ कार्डांची वाटणी अशी होती: ३६ लँड, ४० गॉब्लिन, ४ माना देणारे आर्टिफॅक्ट, ४ कार्ड ओढण्याची, ५ रिमूव्हल आणि बाकीची १० इतर. इतरांमध्ये इम्पॅक्ट ट्रेमर्स, गॉब्लिन बम्बार्डमेंट, लाइटनिंग ग्रीव्ह्ज असं कामाचं साहित्य होतं. डेक पाहून कुणीही म्हणेल की यात वाईट असं काही नाही. खरंच नव्हतं. प्रत्येक गॉब्लिन दोघांच्या खेळात स्वतःची जागा कमावणारा होता.

अडचण कुठे होती

सहापैकी चार डावांत क्रेन्को एकदाही टॅप झाला नाही. क चौथ्या टर्नला, सोल रिंग आली तर तिसऱ्यालाच, क्रेन्को टेबलावर ठेवायचा. प्राणी उतरला त्या टर्नला टॅप करून वापरता येत नाही; ही अट काढणारी हेस्ट नसल्यामुळे तो पुढच्या टर्नपर्यंत नुसता उभा. दोघांच्या खेळात एवढ्या वेळात प्रतिस्पर्ध्याचा एकच टर्न जातो. इथे तीन टर्न जातात, तीन वेगवेगळ्या हातांसमोरून.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होतं. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या ९९ कार्डांत क्रेन्कोला उडवू शकणारी १० स्वस्त कार्डं आहेत असं धरू. चौघांच्या खेळात पहिला खेळाडूसुद्धा पहिल्याच टर्नला कार्ड ओढतो, त्यामुळे चौथ्या टर्नपर्यंत प्रत्येकाने ११ कार्डं पाहिलेली असतात. त्या ११ मध्ये एकही उत्तर नसण्याची शक्यता साधारण २९ टक्के. तिघांकडेही नसण्याची शक्यता तिन्हींचा गुणाकार, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत. माना उघडा नसेल, कार्ड आधीच वापरलेलं असेल, या सवलती धरल्या तरी उघडा उभा क्रेन्को वाचणं ही अपवादाची गोष्ट ठरते.

दुसरा मार कमांडर टॅक्सचा. कमांड झोनमधून पुन्हा खेळताना प्रत्येक वेळी २ माना जास्त: ४, मग ६, मग ८. तिसऱ्यांदा क्रेन्को येईपर्यंत बाकीच्यांचे डेक पूर्ण चालू झालेले असायचे.

तिसरी गोष्ट हल्ल्याची. एका डावात क्रेन्को सलग तीन टर्न टॅप झाला, क कडे क्रेन्को धरून आठ गॉब्लिन झाले, आणि त्याने सात टोकन ख वर सोडली. ख चे ४० वरून ३३ झाले. ग आणि घ यांना ओरखडाही नाही. क चे सगळे गॉब्लिन टॅप, घर उघडं. पुढच्याच टर्नला ग ने टॉक्सिक डेल्यूज खेळून ३ लाइफ भरले आणि क्रेन्कोसकट सगळं साफ झालं. (१ लाइफ भरलं असतं तरी टोकन गेली असती, ३ भरले ते क्रेन्कोसाठी.) कमांडरमध्ये प्रत्येकाची ४० लाइफ असते, तिघांची मिळून १२०. एकावर एक हल्ला करून १२० खाली आणायला लागणारा वेळ हे टेबल कधीच देत नाही.

आणि त्या वेळचा टेबलावरचा संवाद फार काही सांगून जातो. घ ने विचारलं, "ताई, क्रेन्कोला तुम्ही बघताय की मी?" ती म्हणाली, "तू राहू दे, मीच बघते. तुझं कार्ड ठेव, ख साठी लागेल." तिघांनी आपापली उत्तरं वाटून घेतली होती. एकाला एक कार्ड देऊन मारणं चौघांच्या खेळात तोट्याचं असतं, कारण मारणारा आणि मरणारा दोघेही एकेक कार्डाने मागे पडतात आणि बाकी दोघे फुकटात पुढे जातात. तरीही तिघेही क्रेन्कोवर कार्ड खर्च करायला तयार होते, याचा अर्थ टेबलाने त्याला नक्की कोणत्या नजरेने पाहिलं होतं ते उघड आहे. डेकची ताकद कमी पडत नव्हती. ती वापरता येण्याच्या पूर्ण एक फेरी आधी सगळ्यांना दिसत होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय कमांडर बदलण्याचा. पर्फोरोस, गॉड ऑफ द फोर्ज हाही चार मानाचा आणि लाल. तो इन्डिस्ट्रक्टिबल, म्हणजे नष्ट न करता येणारा, आहे, आणि तुमचा दुसरा कोणताही प्राणी टेबलावर आला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला २ डॅमेज. तिघांना एकदम लागणारं डॅमेज हा चौघांच्या खेळाला योग्यच हिशोब आहे. पण टोकन बनवणारं यंत्र कमांड झोनमध्ये राहत नाही, ते ९९ मधून यावं लागतं. शिवाय घ चं सोर्ड्स टू प्लाउशेअर्स प्राण्याला एक्झाइल करतं, म्हणजे नष्ट न करता खेळाबाहेर काढतं, तिथे इन्डिस्ट्रक्टिबलचा काही उपयोग नाही. पर्फोरोस एरवी प्राणी धरला जात नाही, पण तो प्राणी होईल इतकी लाल चिन्हं टेबलावर जमली की तोही सोर्ड्सच्या आवाक्यात येतो. क ने त्याला ९९ मध्ये ठेवायचं ठरवलं, कमांडर म्हणून नाही.

दुसरा पर्याय आणखी वेगाचा: स्वस्त गॉब्लिन वाढवायचे, तिसऱ्या टर्नपासून मारत सुटायचं. १२० लाइफचा हिशोब केल्यावर यात दम राहत नाही. लाल रंगाला अचानक भरपूर माना देणारा डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट सप्टेंबर २०२४ मध्ये माना क्रिप्ट आणि ज्युवेल्ड लोटससह बंदीच्या यादीत गेला, त्यामुळे निव्वळ वेगाचा रस्ता पूर्वीपेक्षा अरुंदच झाला आहे.

तिसरा, बोलून वेळ काढण्याचा. "या टर्नला मला हात लावू नकोस, मी तुझ्यावर येत नाही" असे सौदे. एका टर्नपुरत्या सौद्याला टेबलावर किंमत असते आणि तो पाळला तर पुढच्या रविवारीही असते. पण दर टर्नला दुप्पट होणाऱ्या डेकबरोबर लांब पल्ल्याचा सौदा कोणी शहाणा खेळाडू करणार नाही. मदतीला ठीक, त्यावर डेक उभा राहत नाही.

चौथा पर्याय निवडला गेला: क्रेन्को ज्या टर्नला येईल त्याच टर्नला टॅप झाला पाहिजे, आणि शक्यतो त्याच टर्नला डाव संपला पाहिजे. तोपर्यंत टेबलावर निरुपद्रवी दिसेल एवढंच ठेवायचं. याची किंमत अशी की पहिल्या चार टर्नमध्ये क जवळजवळ काहीच दबाव टाकत नाही, आणि हातात योग्य तुकडे नसतील तर डाव नुसता पाहत बसावं लागतं. ही किंमत क ने समजून घेतली होती.

डेकमध्ये काय बदललं

१८ गॉब्लिन बाहेर काढले. काढताना कसोटी एकच ठेवली: क्रेन्को टेबलावर नसताना हे कार्ड काही करतं का, आणि असताना त्याच टर्नला काही करतं का? दोन्हीला उत्तर नाही असेल तर बाहेर. नुसते २/२ आणि ३/१ अंगाचे गॉब्लिन त्यात गेले.

आत आलेल्यांत सर्वांत महत्त्वाचा गट हेस्टचा. आधी दोनच कार्डं होती, ग्रीव्ह्ज आणि गॉब्लिन चीफ्टन. आता आठ झाली: स्विफ्टफुट बूट्स, गॉब्लिन वॉरचीफ, फर्वर, हॅमर ऑफ पर्फोरोस, थाउजंड-इयर एलिक्सर आणि एका माउंटनच्या जागी हॅनवेअर बॅटलमेंट्स ही लँड. ११ कार्डांत निदान एक हेस्ट सापडण्याची शक्यता यामुळे २१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेली. एलिक्सरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ते तीन मानाचं आर्टिफॅक्ट आहे. प्राण्याला खरी हेस्ट ते देत नाही, पण त्याच्या टॅप करण्याच्या क्षमता हेस्ट असल्यासारख्या वापरू देतं. वर १ माना देऊन एलिक्सर टॅप केलं की एक प्राणी अनटॅप होतो. हल्ला करायचाच नसलेल्या क्रेन्कोसाठी याहून चांगलं कार्ड नाही: ते आलं की एका टर्नला दोन टॅप.

मानासाठी चार नवी कार्डं: रूबी मेडॅलियन, माइंड स्टोन, फायर डायमंड, थॉट व्हेसल. मेडॅलियनमुळे लाल स्पेल (खेळली जाणारी लाल कार्डं) १ मानाने स्वस्त होतात, म्हणजे क्रेन्को तीनला पडतो.

संरक्षणासाठी स्पेलचं लक्ष्य बदलणारं डिफ्लेक्टिंग स्वॉट, आणि निळं स्पेल रद्द करणारे पायरोब्लास्ट व रेड एलिमेंटल ब्लास्ट. यात एक खाच आहे, तिथे बरेच जण फसतात. स्वॉट फुकट खेळता येतं, पण कमांडर टेबलावर असेल तेव्हाच. क्रेन्को अजून स्टॅकवर, म्हणजे खेळलेला पण टेबलावर न उतरलेला, असताना त्यावर काउंटरस्पेल आलं तर स्वॉटला पूर्ण तीन माना लागतात. म्हणून क्रेन्को खेळला जाताना त्याला वाचवायचं काम दोन ब्लास्टचं, आणि उतरल्यावर स्वॉटचं. ब्लास्ट फक्त निळ्यावर चालतात. आठ जणांच्या लीगमध्ये तिघांच्या डेकमध्ये निळा होता म्हणून त्यांना जागा मिळाली.

बाकीच्यांत स्कल्क्लॅम्प, ब्लास्फेमस अ‍ॅक्ट, आणि गॉब्लिनपैकी पाशालिक मॉन्स, गॉब्लिन मेट्रन व स्कर्क प्रॉस्पेक्टर. आणि डाव संपवणारं कार्ड: थॉर्नबाइट स्टाफ. स्टाफची किंमत २, क्रेन्कोला लावायला ४. लावल्यावर कोणताही प्राणी मेला की क्रेन्को अनटॅप होतो. प्रॉस्पेक्टर गॉब्लिन बळी देऊन एक लाल माना देतो. एक गॉब्लिन मारा, क्रेन्को अनटॅप, टॅप, मारलेल्यापेक्षा जास्त गॉब्लिन आले, परत एक मारा. इम्पॅक्ट ट्रेमर्स टेबलावर असेल तर येणाऱ्या प्रत्येक गॉब्लिनमागे तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना १ डॅमेज.

स्कल्क्लॅम्पची आधी घातलेली प्रत फॉइल, म्हणजे चकचकीत थराची, होती. जुलैतल्या दमट हवेत ती स्लीव्हमध्येही वाकली आणि डेकच्या कडेवरून ओळखू यायला लागली. असं कार्ड म्हणजे खुणेचं कार्ड, त्यावर आक्षेप येणारच. साधी प्रत घातली. पावसाळ्यात स्पर्धेच्या डेकमध्ये फॉइल ठेवूच नये.

सुरुवातीचा हात ठेवण्याचा नियमही बदलला. आधी तीन लँड आणि दोन गॉब्लिन दिसले की क हात ठेवायचा. आता हातात हेस्ट किंवा मेडॅलियन यांपैकी काहीतरी हवंच. चौघांच्या खेळात पहिली मलिगन (हात परत करून नवा घेणं) फुकट असते, म्हणजे पुन्हा पूर्ण सात कार्डं मिळतात. आठ हेस्ट कार्डं असताना सात कार्डांत एक मिळण्याची शक्यता साधारण ४६ टक्के. फुकटच्या मलिगनसह दोनपैकी एका हातात मिळण्याची ७० टक्के. ही सवलत न वापरणं म्हणजे डेकमधली सहा कार्डं वाया घालवणं.

निर्णायक डाव

दुसऱ्या टप्प्यातली चौथी फेरी. फाशाने क पहिला, त्याच्यामागे ख, ग, घ.

क ने दुसऱ्या टर्नला मेडॅलियन खेळला. तिसऱ्या टर्नला त्याच्याकडे तीन लँड होत्या आणि मेडॅलियनमुळे क्रेन्को तिथेच खेळता येत होता. हातात एलिक्सर, मेट्रन, ट्रेमर्स, स्टाफ आणि स्वॉट. जुन्या सवयीने क्रेन्को पडला असता. क ने एलिक्सर खेळलं.

चौथ्या टर्नचा निर्णय जास्त अवघड होता. चार माना. क्रेन्कोला तीन, उरलेल्या एकाने एलिक्सर: टॅप, एक गॉब्लिन, अनटॅप, टॅप, आणखी दोन. क्रेन्को धरून चार गॉब्लिन, चौथ्या टर्नला. हे आकर्षक होतं. पण ख च्या तीनही आयलँड उघड्या होत्या, म्हणजे काउंटरस्पेलला जागा होती, आणि ब्लास्ट हातात नव्हता. समजा काउंटर आला नाही, तरी चार गॉब्लिनने डाव संपत नाही. फक्त तिघांना जाग येते. क ने दोन मानात मेट्रन खेळून डेकमधून प्रॉस्पेक्टर काढला, एक माना देऊन तोही उतरवला, आणि टर्न सोडला. टेबलावर दोन किरकोळ १/१ गॉब्लिन.

इथे क एका गोष्टीवर पैज लावत होता. ख चा कमांडर टॅल्रँडही चार मानाचा. चौथ्या टर्नला टेबल शांत दिसलं तर ख त्याला उतरवेल आणि क च्या पाचव्या टर्नला त्याच्याकडे एकही उघडी आयलँड नसेल. ख ने तसंच केलं. ग ने मेरेन उतरवून सगळा माना वापरला. घ ने तीन माना खर्च केले आणि एक पांढरी लँड उघडी ठेवली.

पाचवा टर्न, पाच लँड. ट्रेमर्स एका मानात, क्रेन्को तीन मानात. टेबलावर क्रेन्को, मेट्रन, प्रॉस्पेक्टर असे तीन गॉब्लिन. एलिक्सरमुळे क्रेन्को लगेच टॅप: ३ नवे, तिघांना ३ डॅमेज. शेवटचा माना एलिक्सरला, क्रेन्को अनटॅप, परत टॅप: ६ नवे, ६ डॅमेज. आता १२ गॉब्लिन आणि तिघांची प्रत्येकी ३१ लाइफ. मग प्रॉस्पेक्टरसाठी सहा टोकन बळी दिली, सहा लाल माना आले. माना देणाऱ्या क्षमतेला कोणी मध्ये उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे हा टप्पा सुरक्षित असतो. दोन मानात स्टाफ, चार मानात क्रेन्कोला लावायला सुरुवात.

घ ने इथपर्यंत वाट पाहिली होती, आणि ते बरोबर होतं. सहा गॉब्लिन आणि सगळा माना खर्च झाल्यावर, स्टाफ लागण्याआधी, क्रेन्कोवर सोर्ड्स. हे चाललं असतं तर क कडे पाच गॉब्लिन, एक बेकार स्टाफ आणि सहा मानाचा कमांडर उरला असता. मेडॅलियन धरला तरी पाचचा. क ने फुकट स्वॉट खेळून सोर्ड्सचं लक्ष्य टॅल्रँडवर वळवलं. ख चा माना संपलेला होता. टॅल्रँड एक्झाइल, ख ला त्याच्या ताकदीएवढी २ लाइफ.

लक्ष्य स्वतःच्या एखाद्या टोकनावर वळवलं असतं तर कोणाही प्रतिस्पर्ध्याला लाइफ मिळाली नसती. तरी टॅल्रँड निवडणं योग्य होतं: चक्र मध्येच कुठे तुटलं असतं तर ख कमांडरशिवाय राहिला असता आणि क चं एक शरीर वाचलं असतं.

स्टाफ लागला. सहातला एक बळी, क्रेन्को अनटॅप, टॅप: ५ नवे. एक बळी, टॅप: ९ नवे. एक बळी, टॅप: १७ नवे. आधीचे ९ धरून एकूण ४० डॅमेज. ग आणि घ बाहेर. ख कडे २ लाइफ उरली, म्हणून चौथा फेरा करावा लागला.

निकाल

दुसऱ्या टप्प्यातल्या सहा फेऱ्यांत दोन विजय, एक बरोबरी, तीन पराभव. गुण ११. लीगमध्ये क पाचव्यावरून तिसऱ्यावर गेला नाही, चौथ्यावर थांबला. पण क्रेन्को टॅपच झाला नाही असा डाव एकच होता.

तीन पराभवांतला एक शिकण्यासारखा आहे. क्रेन्कोने लाइटनिंग ग्रीव्ह्ज घातलेले होते आणि क ला त्यावर स्टाफ लावायचा होता. ग्रीव्ह्जमुळे मिळणारा श्राउड (त्या प्राण्याला लक्ष्य करता येत नाही) मालकालाही लागू होतो, म्हणून स्टाफचं लक्ष्य क्रेन्को होऊ शकत नाही. क ने ग्रीव्ह्ज शून्य मानात एका टोकनावर हलवले आणि स्टाफ लावायला घेतला. त्या फटीत ग ने इन्फर्नल ग्रास्प खेळून क्रेन्को मारला. इक्विपमेंट, म्हणजे ग्रीव्ह्ज-स्टाफसारखी प्राण्याला लावायची कार्डं, हलवणं स्टॅक रिकामा असतानाच जमतं, त्यामुळे ग्रीव्ह्ज परत चढवायला संधीच नव्हती. क्रम उलटा हवा: माना पुरत असेल तर आधी स्टाफ, मग ग्रीव्ह्ज. बूट्स असतील तर हा प्रश्नच येत नाही, कारण बूट्सचं हेक्सप्रूफ लक्ष्य करण्यापासून फक्त प्रतिस्पर्ध्यांना अडवतं. म्हणून स्टाफ हातात असताना दोन्हींतून निवड करायची झाली तर एक माना जास्त देऊन बूट्स वापरावेत.

दुसरा पराभव हात न जुळल्याने झाला, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. तिसऱ्याकडे खाली येतो.

वेगळं काय करता आलं असतं

जिंकलेल्या डावातही तिसऱ्या टर्नचं एलिक्सर ही मोठी खूण होती. क्रेन्कोच्या डेकमध्ये एलिक्सर दिसलं की पुढे काय येणार हे ग ने ओळखलं होतं. तिच्या हातात स्वस्त रिमूव्हल असती तर मेरेन न उतरवता तिने दोन माना उघडे ठेवले असते. क ला तिसऱ्या टर्नला मेट्रन खेळून एलिक्सर चौथ्याला ढकलता आलं असतं. चौथ्या टर्नला एलिक्सर आणि प्रॉस्पेक्टर मिळून चारच माना लागतात, पाचव्या टर्नची मांडणी तशीच राहते आणि टेबलाला विचार करायला एक फेरी कमी मिळते. दोन क्रमांत खर्च सारखाच असेल तर धोक्याचं कार्ड नेहमी उशिरा.

ख ची चूक फार मोठी नव्हती, पण नेमकी होती. त्याच्यानंतर खेळणाऱ्या ग आणि घ यांच्याकडे क्रेन्कोला थांबवायला काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि तरी त्याने सगळा माना कमांडरवर घातला. प्रायॉरिटी, म्हणजे उत्तर देण्याची संधी, क नंतर आधी ख कडे, मग ग, मग घ कडे जाते. पहिल्या जागेवरचा खेळाडू बऱ्याचदा "मागचे बघतील" म्हणून पास करतो. इथे तर पास करण्याचाही प्रश्न नव्हता. निळ्या डेकने चौथ्याऐवजी सहाव्या टर्नला, दोन आयलँड राखून टॅल्रँड उतरवला असता तर क चा बेत एक-दोन टर्न लांबला असता, आणि लांबलेला बेत डेल्यूजच्या तोंडी जातो.

दोन ब्लास्ट ठेवणं वादाचं आहे. चिठ्ठ्यांत निळा खेळाडू आला नाही तर दोन्ही कार्डं मृत. त्यातल्या एकाच्या जागी टायबॉल्ट्स ट्रिकरी बसू शकते: दोन माना, कोणत्याही रंगाचं स्पेल काउंटर होतं, पण समोरच्याला डेकमधून दुसरं एखादं स्पेल फुकट मिळू शकतं. एरवी हा सौदा तोट्याचा. ज्या टर्नला तुम्ही डाव संपवायलाच निघाला आहात, त्या टर्नला चालतो.

आता तिसरा पराभव. शेवटच्या फेरीपर्यंत घ ने आपल्या डेकमध्ये लिन्व्हाला, कीपर ऑफ सायलेन्स घातली होती. ती टेबलावर असेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांच्या प्राण्यांच्या सक्रिय क्षमता वापरता येत नाहीत. क्रेन्को बंद, प्रॉस्पेक्टरचा मानाही बंद. क कडे त्या डावात लाइटनिंग बोल्ट होता, पण लिन्व्हाला ३/४ आहे आणि बोल्टचं डॅमेज ३. ती पडली नाही. केऑस वॉर्प किंवा ब्लास्फेमस अ‍ॅक्ट तिला हटवू शकतं. ती हातात नव्हती.

जे उत्तर हातात होतं ते मात्र क च्या लक्षात आलं नाही. गॉब्लिन बम्बार्डमेंटही हातात होतं. गॉब्लिन बळी देऊन १ डॅमेज देण्याची क्षमता त्या एन्चँटमेंटची आहे, प्राण्याची नाही, म्हणून लिन्व्हाला तिला अडवत नाही. टेबलावर मेट्रन आणि तीन टोकन मिळून चार गॉब्लिन होते, आणि क्रेन्को वेगळा. बम्बार्डमेंट खेळून चौघांचे बळी दिले असते तर लिन्व्हाला त्याच टर्नला पडली असती आणि क्रेन्को टॅप व्हायला मोकळा झाला असता. बोल्ट आधी टाकला असता तर एकच बळी पुरला असता. सध्याच्या यादीत क ने केऑस वॉर्प कायम ठेवलं आहे, एका ब्लास्टच्या जागी ट्रिकरी आणली आहे, आणि पाशालिक मॉन्स टेबलावर असताना ब्लास्फेमस अ‍ॅक्टने मेलेल्या प्रत्येक गॉब्लिनमागे १ डॅमेज हा स्टाफशिवाय डाव संपवायचा दुसरा रस्ता म्हणून सरावात घेतला आहे.